तोड उसाची आणि तोड भेंडीची

उसाच्या तोडीची आपण वर्षभर वाट पाहतो. परसातल्या भाजीला ही सवय चालत नाही.

या पावसाळ्यात नागपूरला मनीषनगरात मुलीकडे गेलो होतो. घरामागे दोन खाटांएवढी जागा, भेंडीची आठ झाडं. त्यांवर वीतभर जून भेंड्या लटकलेल्या अन् नवं फूल एक नाही! "बाबा, मोठ्या होऊ दे म्हटलं, जास्त भरतील." शेतकऱ्याची पोर, पण हिशेब उसाचा!

बी पक्कं होऊ लागलं की झाडाची ताकद तिकडे वळते, फूल धरणं मंदावतं. म्हणून फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत, शेंडा कट्कन मोडतो तोवर भेंडी काढावी. एक दिवसाआड तोड हवीच. गवार-चवळीचंही तेच. वांगं चकाकी आहे तोवर, दुधी नख रुततं तोवर. दुधी चिरताना तुकडा चाखा. कडू निघाला तर सरळ फेका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

पालक मात्र उसाचा भाऊ. बुडाशी दोन बोटं ठेवून कापा, खोडव्यासारखा पुन्हा फुटतो.

आणखी एक. शेतातलं उरलेलं औषध परसात मारू नका. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर २००५ सालीच बंदी आली.

मुलीच्या झाडांवरच्या जून भेंड्या त्याच दिवशी उतरवल्या. आठवड्याने तिचा फोन आला, कळ्या दिसताहेत म्हणून.