माती, गादी आणि खाशाबा

मुक्त शैली हा शब्द हल्ली अनेक खेळांत ऐकू येतो. पोहण्याच्या शर्यतीत मुक्त शैली म्हणजे पोहणाऱ्याने हात कसे मारावेत याचे बंधन नाही. बर्फाच्छादित देशांत लाकडी-धातूच्या पट्ट्या पायांना बांधून उतारावरून घसरण्याचा जो खेळ आहे, त्यातही एक मुक्त शैली आहे. त्यात खेळाडू हवेत कोलांट्या घेतो आणि पंच त्या कोलांट्यांना गुण देतात. 1992 पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पदकासाठी खेळला जातो. आमच्या कोल्हापुरात बर्फ पडत नाही, तेव्हा त्या खेळाचा विजेता येथे शोधण्यात अर्थ नाही. परंतु मुक्त शैलीचा एक विजेता या शहराने घडविला आहे, आणि तोही अशा काळी, की स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूला तोवर ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले नव्हते. खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव श्रोत्यांना नवे नाही. मात्र त्यांनी नेमके काय साधले, हे समजण्यासाठी ही मुक्त शैली कुस्तीत काय असते ते आधी पाहिले पाहिजे.

ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार आहेत. एकास ग्रीको-रोमन म्हणतात. त्यात कमरेखाली पकड करता येत नाही आणि डावासाठी पायांचा उपयोगही करता येत नाही. दुसरा प्रकार मुक्त शैलीचा. तो ऑलिंपिकमध्ये प्रथम 1904 साली सेंट लुई येथे आला. यात पाय धरता येतो, पायाने अडविता येते, पट काढता येतो. म्हणजे आमच्या तालमीत पोरगा पहिल्या वर्षी जे शिकतो, त्याचाच हा भाऊबंद. मग आमचे मल्ल तेथे सहज का जिंकत नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर पायाखालच्या जमिनीत आणि घड्याळात आहे.

आमची कुस्ती तांबड्या मातीत होते. ती माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. पाय तिच्यात रुततो, अंगाला ती चिकटते, पकड बसते. मल्ल एकमेकांना जोखत राहतात. ताकद, दम आणि धीर यांची परीक्षा होते. निकाल एकच: पाठ जमिनीला लागून छाती आकाशाकडे झाली पाहिजे. त्याला आम्ही आसमान दाखविणे म्हणतो. तसे झाले नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवितात, आणि प्रेक्षक हळहळत घरी जातात. गुण मोजण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

गादीवर सारेच निराळे. तेथे पाय रुतत नाही, उलट सरकतो. जो चपळ तो पुढे. आज गादीवरचे लढतीचे वर्तुळ 9 मीटर व्यासाचे असते आणि कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळविला की 2 गुण, त्याला वर्तुळाबाहेर रेटले की 1 गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच थांबते. चितपट केले तर गुणांचा हिशेब उरत नाही, हे खरे. परंतु पुष्कळशा कुस्त्या गुणांवर सुटतात. खाशाबांच्या वेळी नियम आजच्याहून वेगळे होते. पराभवाबद्दल, आणि नुसत्या गुणांवरच्या विजयाबद्दलही, मल्लाच्या नावावर दोषगुण चढत, आणि ते ठरावीक मर्यादेला पोचले की मल्ल स्पर्धेतून बाद होई. म्हणजे केवळ जिंकणे पुरत नसे, कसे जिंकले हेही मोजले जाई. मातीत वाढलेल्या मल्लाला ही सारी परकी भाषा होती.

ती भाषा खाशाबा परदेशात जाऊन शिकले. त्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. तेव्हा आखाडा घरातच होता. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. शाहू छत्रपतींनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले; त्या मैदानाच्या छायेत हा लहान चणीचा विद्यार्थी घडत गेला. त्यांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला फेकून देणारा हा डाव आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी मैदानात पाहिला असेल.

1948 साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. गादीवरच्या कुस्तीचा त्यांना सरावच नव्हता. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना मार्गदर्शन केले. ज्या मल्लाला पायाखालची जमीनच अनोळखी होती, त्याने फ्लायवेट म्हणजे 52 किलोच्या गटात सहावा क्रमांक मिळविला. आमच्या मते खाशाबांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा क्षण हाच होय. सहावा आल्याचे समाधान मानून ते परतले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र आपल्याला काय येत नाही हे ओळखले आणि पुढची चार वर्षे ते शिकण्यात घातली. वजनाचा गटही वाढविला. पुढल्या खेपेस ते 57 किलोच्या बँटमवेट गटात उतरले.

ही पुढली खेप सुखाची नव्हती. मद्रासच्या स्पर्धेत आपल्यावर गुणदानात अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती लावण्यात आली, ती खाशाबांनी चितपट जिंकली आणि निवड झाली. निवड झाली तरी हेलसिंकीला जायचे कोणाच्या पैशाने? गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, पण ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या ढाक डावावर आपले छप्पर लावावे, ही गोष्ट आम्हांला पदकाइतकीच मोठी वाटते. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खर्डेकरांचे नाव आहे. तेथे बसून वाचणाऱ्या किती विद्यार्थ्यांना या घराची हकीकत ठाऊक असेल?

जुलै 1952 मध्ये हेलसिंकी येथे खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरविले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामादबेयोव्ह यांच्यापुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. या कठीण कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशीला सुवर्ण, मामादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात कोल्हापूरचेच केशव माणगावे चौथे आले, हेही येथे नोंदविले पाहिजे. चौथ्याला पदक नसते म्हणून त्याची आठवणही नसावी, असे नाही.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि ते कोल्हापुरास आले. येथे त्यांनी कुस्त्या भरविल्या, त्यांत स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडविले. गळ्यात ऑलिंपिकचे पदक असलेला मल्ल गुरूचे ऋण फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरला. 1955 साली ते पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 चे मेलबर्न हुकले. सुमारे 27 वर्षांच्या नोकरीनंतर ते सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, शतक उलटण्याच्या सुमारास. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. महाराष्ट्र शासनाने पुढे त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन ठरविला. हे सारे योग्यच झाले. परंतु ज्याच्यासाठी झाले, तो ते पाहायला नव्हता.

आता शेवटचा मुद्दा. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतले पुढचे पदक 2008 साली सुशील कुमारने आणले. महाराष्ट्राचे दुसरे वैयक्तिक पदक आले ते 2024 साली पॅरिसला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ते मिळविले. म्हणजे जिल्हा आमचाच, पण खेळ कुस्ती नव्हे. मग माती सोडून द्यावी काय? आम्ही तसे म्हणत नाही. मोतीबाग तालमीत घडलेल्या गणपतराव आंदळकरांनी 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्य मिळविले; मातीतला मल्ल गादीवर उभा राहू शकतो याचा हा दुसरा पुरावा. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते एकमेकांशी लढतात. ही व्यवस्था चांगली आहे, पण ती मोठ्या मल्लांची. बारा वर्षांच्या पोराला सकाळी माती आणि संध्याकाळी गादी मिळते का, त्याला गुण मोजणारा पंच आणि नियम समजावणारा वस्ताद भेटतो का, हे प्रत्येक तालमीने स्वतःला विचारायचे आहे. खासबागेत निकाली कुस्तीवर फेटे उडविणाऱ्या आम्ही प्रेक्षकांनीही गुणांवर सुटलेल्या कुस्तीतले कौशल्य ओळखायला शिकले पाहिजे, कारण मल्ल काय शिकतो हे पुष्कळदा प्रेक्षक कशाला टाळ्या देतात यावर ठरते. खर्डेकरांनी घर गहाण टाकले तेव्हा आपला विद्यार्थी जिंकेल याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती. त्यांना एवढेच दिसत होते, की हा मुलगा हरल्यावर शिकून परत आला आहे.