सातबाऱ्याची राखण आणि अधिकारांची विभागणी

कारंजा तालुक्यातील कामरगावचा एखादा कास्तकार निवर्तला आणि त्याच्या वारसांनी सातबाऱ्यावर नावे चढविण्यासाठी अर्ज केला, म्हणजे तलाठी ई-फेरफार प्रणालीत गावनमुना सहामध्ये नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, आणि हरकतींची १५ दिवसांची मुदत सरल्यावर मंडळ अधिकारी कागदपत्रे पडताळून ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावरील नावे बदलतात. ज्याने नोंद लिहिली त्यानेच ती मंजूर करू नये, हा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील दंडक आता संगणकालाही बांधून घेतो. सर्वसामान्य नागरिकास सातबारा पाहण्याची मुभा आहे, त्यातील अक्षर बदलण्याची नाही.

अनेकांच्या वापरातील डेटाबेस सुरक्षित राहतो तो याच न्यायाने. वाचणे, नवी नोंद घालणे, जुनी दुरुस्त करणे आणि खोडणे हे चार अधिकार तेथे स्वतंत्र मानलेले असतात, ते व्यक्तीपेक्षा तिच्या हुद्द्याला जोडणे श्रेयस्कर ठरते, आणि प्रत्येक आज्ञा अमलात येण्यापूर्वी ती देणाऱ्यास तसा अधिकार आहे की नाही, याची शहानिशा यंत्र स्वतः करते. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली सुस्पष्ट मांडले. पुढल्याच वर्षी आयबीएममधील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी अधिकार परत घेण्याची रीत सिद्ध केली: एखाद्याचा अधिकार काढला, की केवळ त्याच्या बळावर त्याने इतरांस दिलेले अधिकारही आपोआप रद्द व्हावेत.

देण्याइतकेच हे परत घेणे महत्त्वाचे आहे. कर्मचाऱ्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, तरी त्याचे खाते चालूच राहिले, तर दप्तराला पहारा असूनही दार उघडे राहते. त्याहून घातक सवय म्हणजे आपला पासवर्ड किंवा डिजिटल सहीचे डोंगल कामाच्या घाईत मदतनिसाच्या स्वाधीन करणे. कारण मग कोणत्या क्षणी कोणी काय केले हे टिपून ठेवणारी यंत्राची नोंदवहीसुद्धा भलत्याच माणसाचे नाव सांगते. शेतकऱ्याचे पीककर्ज, भरपाई आणि वारसाहक्क ज्या उताऱ्यावर अवलंबून आहेत, त्याच्या रक्षणासाठी यंत्राने घातलेली मर्यादा अधिकाऱ्याने अडचण न मानता कर्तव्य म्हणून पाळली पाहिजे.