माद्रिद कशाला, तेरुएल गाठा!

भारत-स्पेन राजनैतिक संबंधांना यंदा सत्तर वर्षं होतायत. २०२६ हे संस्कृती, पर्यटन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं संयुक्त वर्ष म्हणून साजरं करायचं, हे ऑक्टोबर २०२४ मध्येच ठरलं होतं. बडोद्याच्या विमान कारखान्याच्या उद्घाटनाला दोन्ही पंतप्रधान आले होते, तेव्हाची ही घोषणा. त्यातल्या भाषणांचं आणि फ्लेमेंकोच्या कार्यक्रमांचं जे व्हायचं ते होईल. आपल्याकडे अशा घोषणांनी आधी क्लासवाल्यांना हुरूप येतो. राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला आणि जर्मनची लाट आली. जपानी तर होतीच. आता ‘स्पेनला जाऊन स्पॅनिश’ हाही पर्याय पालकांच्या कानावर पडू लागलाय. रायगडातल्या महाड-पोलादपूरच्या पालकांच्यासुद्धा.

जावं का? खुशाल जावं. माझा आक्षेप जाण्याला नाही, जागेला आहे. माहितीपत्रकं माद्रिद आणि बार्सिलोनापलीकडे फारशी सरकत नाहीत. पोलादपूरच्या पोराने यातलं एकही शहर घेऊ नये असं माझं मत आहे आणि त्याचं कारण स्पेनपेक्षा पोलादपुरातच सापडतं.

पोलादपूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत एखाद्या आडवारी जाऊन बघा. निम्म्या घरांना कुलूप, उरलेल्यांच्या पडवीत म्हातारी माणसं. कर्ता माणूस मुंबईत, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. महाडच्या मुसलमान मोहल्ल्यांतला आखातात. शेजारच्या रत्नागिरीत २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या, तो आकडा याच चाकरमानी आयुष्याचा. मग गणपती येतात. कोकण रेल्वे महाड तालुक्यात वीर, करंजाडी, विन्हेरे अशी कडेकडेने जाते, पोलादपूरला तीही नाही. म्हणून सगळी भिस्त एसटीवर आणि २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर. तरी माणसं पोचतात. कुलपं निघतात, पंख्यावरचं जाळं निघतं, ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’चा फलक लागतो आणि रात्री दोनदोन वाजेपर्यंत घरोघर आरत्या चालतात. गौरी आल्या की नव्या सुनेचा ओवसा: पानाफुलांनी, फळांनी, वाणाच्या सामानाने भरलेली सुपं ती गौरीपुढे ओवसते आणि मग मोठ्यांच्या पाया पडत, घरटी एकेक सूप पोचतं करत फिरते. कोण चुलत सासू, कोण आते सासू, हे तिला कुणी वहीत लिहून देत नाही. त्या एका फेरीत ती सासरचं गाव पाठ करते.

आता स्पेन. आपल्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा आणि फुटबॉल येतो. आतला स्पेन ओस पडलेला आहे. तेरुएल हा प्रांत रायगड जिल्ह्याच्या दुप्पट आकाराचा आहे आणि तिथे माणसं राहतात सव्वा लाखाहून थोडी अधिक. रायगडात २०११ लाच सव्वीस लाख होती. सेर्जिओ देल मोलिनो या लेखकाने २०१६ मध्ये या रित्या मुलखावर पुस्तक लिहिलं आणि ‘रिकामा स्पेन’ हा शब्दप्रयोग घरोघरी गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की विसाव्या शतकाच्या मध्यात दोन-तीन दशकांत खेड्यांतली माणसं शहरांत लोटली गेली. शहरातला स्पॅनिश माणूस तेव्हापासून आजोबांचं गाव मनात घेऊन जगतो. तेरुएलच्या लोकांनी तर ‘तेरुएल अस्तित्वात आहे’ याच नावाची चळवळ काढली आणि नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत एक खासदार थेट माद्रिदच्या संसदेत पाठवला. रस्ता द्या, रेल्वे द्या, डॉक्टर द्या, अशा त्यांच्या मागण्या. पोलादपूरकराला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

ही गावं ऑगस्टमध्ये भरतात. १५ ऑगस्टला मेरीमातेचा सण, दुसऱ्या दिवशी संत रोकेचा. त्याच्या आगेमागे अनेक गावांची जत्रा असते. शहरातली नातवंडं येतात, मूर्ती खांद्यावरून मिरवतात, तरुणांची मंडळं आपापली खोली भाड्याने घेऊन तिथे दिवसरात्र तळ ठोकतात, चौकात बँड वाजतो आणि अख्ख्या गावाचं जेवण एका कढईत शिजतं. दुपारचं जेवण दोन-तीनला सुरू होतं आणि ताटं उचलली तरी कुणी उठत नाही. गप्पा, भांडणं, मेलेल्यांची आठवण, जमिनीच्या कटकटी, सगळं त्या टेबलावर होतं. माझ्या मते स्पॅनिशचा खरा वर्ग हाच. क्लासात शिक्षक सावकाश बोलतात, एकेकटे बोलतात, तुमची चूक सुधारतात. टेबलावर सहा जण एकदम बोलतात आणि कुणी तुमच्यासाठी थांबत नाही. आपल्याकडचं पंगतीनंतरचं ओटीवरचं बोलणं ज्याने लहानपणापासून ऐकलंय, त्याला या गलक्याची भीती वाटत नाही.

डिसेंबरात पुन्हा तेच. २२ तारखेला नाताळच्या लॉटरीची सोडत निघते. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे गाऊन दाखवतात आणि सगळा देश कान देऊन ऐकतो. पाच आकडी संख्या शिकायला यापेक्षा चांगली ध्वनिफीत नाही. एकेका तिकिटाचे वाटे घेऊन गाव, कचेरी, नाक्यावरचा बार एकच नंबर धरतात. २०११ मध्ये उएस्का प्रांतातल्या सोदेतो या सत्तरेक घरांच्या गावाला पहिलं बक्षीस लागलं. गृहिणींच्या मंडळाने दारोदार फिरून वाटे विकले होते. बहुतेक सगळं गाव मालामाल झालं, एक बाहेरून येऊन राहिलेला गृहस्थ तेवढा सुटला; त्याच्या दाराशी कुणी गेलंच नव्हतं. गावात राहणं आणि गावाच्या फेरीत असणं यातला फरक याहून स्वच्छ कुणी सांगितलेला नाही. परदेशात भाषा शिकायला गेलेल्या आणि चार भारतीय पोरांबरोबर खोली घेऊन राहिलेल्या मुलाचं नेमकं हेच होतं.

व्याकरणाची धास्ती मराठी मुलाने कमी घ्यावी. पाच स्वच्छ स्वर आपल्या सवयीचे आहेत, दंत्य त-द आपले आहेत, कर्ता गाळून नुसत्या क्रियापदावर वाक्य उभं करायची सवय आपल्याला आहेच, आणि ‘मला आवडतं’ची रचना स्पॅनिशमध्ये जवळजवळ तशीच्या तशी आहे, तिथे अडखळतो तो इंग्रजीतून शिकणारा. शब्दांना लिंग आहे, पण दोनच. अवघड आहे ते ‘असणे’साठीची दोन क्रियापदं, शंका-इच्छा दाखवणारी रूपं आणि बोलण्याचा वेग. पाया इथेच घालता येतो. दिल्लीत सेर्व्हान्तेस संस्था २००९ पासून आहे, ए-१ ते सी-२ अशा पायऱ्यांची तिची प्रमाणपत्रं जगभर मानली जातात. निदान बी-१ इथे करा आणि मग विमानात बसा. मुळाक्षरं शिकायला युरो मोजण्यात शहाणपण नाही.

एका मराठी माणसाने ही भाषा कुठल्याही माहितीपत्रकाविना आत्मसात केली होती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले, इराण-बर्लिन-मॉस्को असा वनवास भोगून १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले तेव्हा वय चाळिशीच्या आसपास. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. शेतकऱ्याशी बोलायचं तर त्याच्या भाषेवाचून गत्यंतर नव्हतं. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं ते जेवणाच्या टेबलाच्या अग्रस्थानी, हातात पाव घेऊन. १९५५ मध्ये ते कायमचे भारतात आले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा बसायला २०२२ उजाडलं. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हा माणूस ठळकपणे का नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.

परत मुद्द्यावर. बार्सिलोना का नको? कारण तिथल्या कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलावर कातालान बोलतात. मराठी शिकायला आलेला पाहुणा मुंबईत उतरला की त्याच्याशी जो तो हिंदीत सुरू होतो, तसाच हा प्रकार. माद्रिदमध्ये स्पॅनिशच आहे, पण भाडं भारी आणि परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी. २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला सहाशे युरोंची सोय दाखवावी लागे. माद्रिदमध्ये तेवढे बऱ्याचदा खोलीतच संपतात. सालामांका, लेओन, सोरिया, तेरुएल इथे तेच पैसे लांबवर पुरतात. ताटाचाही विचार आधीच करून ठेवावा. डुकराचं मांस आणि वाईन सणाच्या टेबलावर असतेच. खात-पीत नसलात तर पहिल्याच दिवशी सरळ सांगा, कुणी रुसत नाही. न जाणं मात्र मनावर घेतात.

आणि करमणार नाही, हे गृहीत धरा. २५ डिसेंबरला स्पेनमध्ये रस्ते सुने असतात, माणसं आपापल्या घरात. त्याच दिवशी महाडच्या क्रांतिस्तंभाशी मात्र गर्दी असते, १९२७ च्या मनुस्मृती दहनाच्या स्मरणार्थ. पुढच्या २० मार्चला तर चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. कुणी जेवायला बोलावलं आणि ‘तुमच्याकडे आज काय असतं?’ असं विचारलं, तर सांगायला महाडकराकडे बरंच आहे. हे सगळं स्पॅनिशमध्ये सांगता आलं, तर बी-२ ची तोंडी परीक्षा फार अवघड जायची नाही.

संयुक्त वर्षाचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी दिल्ली-मुंबईच्या सभागृहांबाहेर पडावं, एवढंच मागणं आहे. तेरुएलचं एक गाव आणि पोलादपूरची एक वाडी जोडून द्या. आपली दोन मुलं ऑगस्टच्या जत्रेला तिकडे, त्यांची दोन गणपतीला इकडे. अधिक महिन्यामुळे यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे तारखाही आड येत नाहीत. दोन्हीकडे घरं रिकामीच आहेत. राहायच्या सोयीचा प्रश्न तरी कुणी काढू नये.