कोल्ड रूमच्या कटआऊटला वायर लावू नका

मंडळी, मासळी उतरायच्या वेळेलाच कॉम्प्रेसर ट्रिप झाला की डोकं फिरतं, हे आम्हीही भोगलंय. मागच्या सीझनला आम्ही घाईत हाय प्रेशर कटआऊटला वायर लावून तो बायपास केला. मशीन चाललं, पण पहाटे मोटर जळली. मासळी गेली ती गेलीच.

गॅसचा दाब हद्दीपलीकडे गेला की हा कटआऊट मशीन थांबवतो. दाब का वाढतो? बहुतेक वेळा कंडेन्सर धुळीने, खारट थराने चोंदलेला असतो, नाहीतर पंखा बंद असतो. आधी ते बघा, मगच रीसेटचं बटण दाबा. परत ट्रिप झाला तर हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

लो प्रेशरवर थांबत असेल तर गळती शोधायला हवी, नुसता गॅस भरून भागत नाही. एक फेज गेला तर सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटर वाचवतो. आमच्याकडे तोही कोणीतरी काढून ठेवला होता! आणि बंद झाल्यावर मशीन दोन-तीन मिनिटं सुरू होत नाही, तो बिघाड नव्हे, टायमर आहे.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा सगळे कटआऊट तपासून घेणार आहोत. बोटवाल्यांपैकी दोघं-तिघं तरी त्या दिवशी या.