मुंग्यांची वाट पुसा!

बालमित्रांनो, गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या, की आपण त्या चिरडतो. पण थोड्या वेळानं पाहावं, तर नवी रांग हजर! असं का बरं होतं?

खाऊ सापडलेली मुंगी बिळाकडे परतताना जमिनीवर वासाची रेघ सोडत जाते. त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून आधी ही वाटच पुसायची!

साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून रांगेची जागा स्वच्छ पुसा. मुंग्या कुठल्या फटीतून येतात ते शोधा आणि तिथं हळदीची रेघ ओढा. हळदीला आपल्या सांगलीत काय तोटा? २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय! हळद ओलांडायला मुंग्या सहसा बिचकतात. रेघ ओली झाली, की नवी ओढा. गुळाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा.

पण विषारी खडू नको हं! घरात रांगणारं बाळ असेल, तर जमिनीवरचं विष त्याच्या हातावाटे थेट तोंडात जाईल.

आणि हो, सांडलेला गूळ लगेच उचला. आमंत्रण आपणच द्यायचं आणि पाहुण्यांना हाकलायचं, हे काही बरं नव्हे!