महाडला पूर येणार का, हे साताऱ्याच्या अंदाजात का बघावं लागतं?

पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक नकाशा फिरतो. रायगड लाल दिसला की धावपळ, पिवळा दिसला की सगळे निवांत. पण महाडकरांनी त्याच नकाशात शेजारचा साताराही बघायला हवा.

आधी रंगांचा अर्थ. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार' पाऊस. रंग मात्र नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. पाऊस पडण्याची शक्यता किती आणि त्याचा परिणाम काय होईल, हेही त्यात धरलेलं असतं.

आता सावित्री. ही नदी उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. तिथून घाट उतरून पोलादपूर, मग महाड आणि शेवटी बाणकोटला समुद्र. त्यामुळे महाडात पाऊस थांबलेला असला तरी वर कोसळत असेल तर पाणी खाली येणारच. त्यात समुद्राला भरती असेल तर ते लवकर ओसरतही नाही.

जुलै २०२१ मध्ये हेच दिसलं. २३ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला तब्बल ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. 'अत्यंत मुसळधार'च्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट! महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. सातारा घाटमाथ्याचा इशारा हवामान विभाग वेगळा देतो, तो याचसाठी वाचायचा.

दरडींचं काय? २२ जुलै २०२१ लाच तळीयेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई या गावांनी हेच भोगलं होतं. पण कुठला डोंगर सुटेल, हे पावसाच्या नकाशात नसतं. दरडींचा अंदाज हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं काम, आणि नद्यांच्या पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोगाचं. म्हणजे रायगड नुसता केशरी असला, तरी डोंगराखालच्या वाडीला धोका लालइतकाच असू शकतो.

ग्रुपवरचा नकाशा अनेकदा कालचाच असतो, त्यामुळे वरची तारीख आधी बघा. पुढच्या काही तासांचा अंदाज, म्हणजे 'नाऊकास्ट', हवामान विभागाच्या वेबसाइटवर जिल्ह्यानुसार मिळतो. तिथे रायगडसोबत साताराही उघडा.