उठून चालण्याची विद्या

आपल्या देशात फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा पाया पोलिओने घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कारण ताप उतरल्यावरही बालकांचे पाय लुळे करून ठेवणाऱ्या त्या रोगापुढे औषधाची मात्रा चालेना, तेव्हाच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, १९५०च्या दशकाच्या आरंभी, या विद्येची भारतातील पहिली शाळा निघाली. आज राज्यातील बहुतेक फिजिओथेरपी महाविद्यालयांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या यांचा कारभार नाशिकच्या म्हसरूळ येथून, १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या दफ्तरातून चालतो. तरीही शेक देणे आणि अंग रगडणे एवढाच या व्यवसायाचा अर्थ पुष्कळ जण समजतात, याचा खेद वाटतो.

आखडलेल्या खांद्याचेच पाहा. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसते आणि हात वर जाईनासा होतो. चाळिशीनंतर, त्यातही मधुमेह्यांना, हा विकार अधिक गाठतो. द्राक्षबागेत मांडवाखाली हात उंच धरून घडांची विरळणी करणाऱ्या बाईला तो जडला, तर तिची मजुरीच बुडते. फिजिओथेरपिस्ट प्रथम कोनमापकाने हात किती अंश उचलतो ते मोजून टिपून ठेवतो. मग शेकाने स्नायू सैलावून सांधा आपल्या हातांनी हळूहळू फिरवतो. आणि अखेर तिला भिंतीसमोर उभे करून बोटे मुंगीच्या चालीने वर चढवायला लावतो. जिथे बोटे थांबतात तिथे पेन्सिलीची खूण करायची आणि काही दिवसांनी ती खूण ओलांडायची. यातला शेक सुखाचा आणि भिंत दुःखाची, म्हणून रोगी शेकापुरताच येतो. पण गुण येतो तो मुख्यतः भिंतीपाशी.

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पेला धरायला शिकतो तोही अशाच पुनरावृत्तीने, मेंदूचा शाबूत भाग नवे काम अंगावर घेतो म्हणून.

महाराष्ट्रात २००२च्या कायद्याने फिजिओथेरपीच्या व्यवसायासाठी परिषद नेमली आहे. तेव्हा उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे की नाही, हे निःसंकोच विचारावे.

मात्र या पुनरावृत्तीसाठी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून रोज एस.टी.ने शहरात येणे कोणाला परवडणार? म्हणूनच रोग्याच्या घरातील एका माणसाला शेजारी बसवून, सगळे व्यायाम त्याच्याकडून एकदा करवून घेऊन, मगच त्यांना निरोप देणारा फिजिओथेरपिस्ट मला अधिक थोर वाटतो.